खालून कापणे

तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. निरोपाच्या दिवशी एका तरुण शिक्षिकेने विचारलं, "बाई, तुमचं इंग्रजी इतकं पक्कं कसं?" मी अशा प्रसंगी जे सांगायचं असतं तेच सांगितलं, वाचन, चिकाटी वगैरे. खरं उत्तर निराळं होतं. इंग्रजीतलं एकच क्रियापद मी मुळापासून शिकले, बाकीची वरवर. त्या एका क्रियापदाला सव्वा वर्ष लागलं आणि त्या सव्वा वर्षात आमच्या घरात जे झालं ते निरोपाच्या समारंभात, हार गळ्यात असताना, सांगण्यासारखं नव्हतं.

नागपुरात, इंदोऱ्यात, रस्त्याला लागून टिनाच्या एका छपराखाली दोन शिंप्यांची दुकानं होती, एक बाबांचं आणि एक शालिककाकांचं. आम्ही राहायचो दुकानामागच्या खोलीत, त्यामुळे शिलाई मशीनच्या आवाजात जेवणं, अभ्यास आणि भांडणं व्हायची. मशीन थांबलं की आपण ओरडून बोलतोय हे कळायचं. दोन दुकानांच्या मध्ये लाकडी फळ्या होत्या. त्यातली एक फळी माझ्या जन्माआधी कधीतरी निघाली होती आणि ती कुणी परत बसवली नाही, कारण त्या फटीतून इस्त्री जायची. इस्त्री दोघांत मिळून एकच होती, कोळशाची, झाकणाच्या खटक्यावर पितळेचा कोंबडा असलेली. काकांचं काम झालं की ते ती फटीतून सरकवायचे आणि ओरडायचे, "घे गा दौलत, गरम आहे." बाबांचं नाव दौलत. घरात ती कधी दिसली नाही, पण नाव दिवसातून दहादा ऐकू यायचं. इस्त्री गरम आहे हे सांगायची काही गरज नव्हती, थंड इस्त्री कोण कोणाला देतो. तरी ते वाक्य रोज असायचं. हिवाळ्यात काकांच्या सासुरवाडीहून, काटोलहून, संत्री आली की तीही त्याच फटीतून यायची आणि त्यांच्याबरोबरही काका सवयीने तेच ओरडायचे.

बाबांची एक रीत होती. शिवलेल्या प्रत्येक कपड्याबरोबर ते उरलेली कतरन परत द्यायचे. बोटभर पट्टी असली तरी. सगळे तुकडे गोळा करून त्याची पुरचुंडी बांधायची, वर दोऱ्याची गाठ मारायची आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून द्यायची. गिऱ्हाइकं ओशाळायची. काही जण दाराबाहेर जाऊन ती नालीत टाकायचे. बाबांना ते दिसायचं, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. शिंप्याचा काही भरवसा नाही, तो बहिणीच्या लग्नाच्या शालूतूनही रुमाल काढतो, असं लोक म्हणायचे आणि ते बाबांच्या फार मनाला लागायचं. धम्मदीक्षेच्या वेळी बाबा विशीत होते. पारशिवनीकडच्या आमच्या गावात त्या आठवड्यात त्यांनी निम्म्या गावाचे पांढरे सदरे शिवले आणि मग स्वतःचा सदरा शिवायला कापड उरलं नाही म्हणून दुसऱ्याचा मागून घालून ते नागपूरला आले. पाच शिलांपैकी दुसरं, न दिलेलं घेणार नाही, हे जणू एकट्या शिंप्यांसाठीच सांगितलं आहे अशी त्यांची समजूत होती. विहारात रविवारी ते म्हणताना त्यांचा आवाज चढायचा. शेजारी बसलेल्या शालिककाकांचा त्याच ठिकाणी थोडा उतरायचा, कारण कौसल्याकाकूंच्या सगळ्या गोधड्या गिऱ्हाइकांच्या कापडाच्या होत्या. काकांचं म्हणणं, "गिऱ्हाइकानं मागतलं नाही, म्हंजे ते देल्लंच झालं ना गा." यावर दोघांचा वर्षानुवर्षं वाद चालायचा, इस्त्रीच्या फटीतून, मशीनच्या वर आवाज काढून, हसत हसत.

मी तेव्हा दहावीत होते आणि रस्त्याकडेच्या आमच्या ओळीत जे एकूण पाच शिंपी होते त्यांच्यामध्ये इंग्रजीची मालकीण होते. माझ्याकडे एक इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. बाबांनी तो सीताबर्डीला रद्दीवाल्याकडून आणला होता, वजनावर. त्याची शेवटची पानं कुणीतरी चिवडा बांधायला वापरली असावीत. आमच्या घरातलं इंग्रजी 'यू' या अक्षराच्या मध्यावर संपायचं. त्यापुढे ना व्हिक्टरी होती, ना वर्क, ना यस. नो मात्र होतं.

त्या वर्षी एका सरकारी खात्याच्या शिपायांचे खाकी गणवेश शिवायचे होते. कापड खात्याचं, शिलाई आपली. दर लिहून, पाकीट बंद करून द्यायचं, ज्याचा दर कमी त्याला काम. ओळीतले पाचही जण चहाच्या टपरीवर बसले आणि त्यांनी ठरवलं की पाचही जणांनी नऊ रुपये जोडी असंच लिहायचं, म्हणजे साहेबाला काम पाचांत वाटून द्यावं लागेल. शालिककाका म्हणाले, "कोणी खाली उतराचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांनी तर काकांच्या हातावर टाळी दिली. हे मला नंतर कळलं. मला तेव्हा इतकंच माहीत होतं की बाबांनी फॉर्म माझ्यापुढे ठेवून नऊ रुपये लिहायला सांगितलं आणि मी पेन्सिलीने नऊ लिहिलं. मग ते मागे मोरीत हात धुवायला गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. परत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोड ते. पावणेआठ लिही."

"काहून बाबा?"

"लिही म्हटलं ना वं."

मी खोडलं, फुंकर मारली आणि शाईने पावणेआठ लिहिलं. पाकिटं उघडून दर मोठ्याने वाचायच्या दिवशी बाकीचे चौघे त्या ऑफिसात गेले. बाबा गेले नाहीत. एका वराचा कोट अर्जंट आहे म्हणाले. लग्नसराईला अजून दोन महिने होते.

त्यानंतर आठवडाभर इस्त्री आली, पण उशिरा. मग खात्याचं पत्र आलं. आम्ही जेवत होतो. मायने आंबाडीची भाजी केली होती, ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. बाबांनी घास हातात धरूनच सांगितलं, "वाच." पत्र इंग्रजीत टाइप केलेलं होतं आणि त्याचा अर्थ मी लावला तो असा की, इतर शिंप्यांनी तक्रार केली आहे की तुम्ही अंडरकट केलं आहे, तरी सोमवारी समक्ष येऊन खुलासा करावा. अंडरकट. मी शब्दकोश काढला. तो शब्द होता. शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत होता. "खालून कापणे, खालचा भाग कापून टाकणे" आणि पुढे एक अर्धविराम. तिथे पान संपलं होतं आणि आमच्याकडचं इंग्रजीही.

पुढची तीस वर्षं मी मुलींना सांगत आले की अर्धविराम दिसला की थांबायचं, अजून काहीतरी यायचं आहे. हे मी किती पोटतिडकीने सांगते याचं मुलींना हसू यायचं. त्या दिवशी मी थांबले नाही. मी ऐटीत अर्थ सांगितला, "ते म्हणून राहिले बाबा, तुम्ही कापड खालून कापता."

बाबांनी घास ताटात ठेवला. "कोण म्हणते?"

"बाकीचे टेलर."

"शालिक?"

पत्राला तक्रारीची नक्कल जोडलेली होती. तिच्यावर चार सह्या होत्या आणि काकांची पहिली होती. मी ती दाखवली. बाबा कितीतरी वेळ त्या सहीकडे बघत होते. मग म्हणाले, "ज्याच्या घरच्या वाकळीत सदर बाजारातलं अर्धं कापड शिवलं हाये, तो मले कापडचोर म्हणते." ते जेवले नाहीत. फटीतून इस्त्री आली तेव्हा त्यांनी ती तशीच परत सरकवली. त्या रात्री मायने पाहिलं की बाबांच्या चेहऱ्यावर राग आहे, दुःख आहे, पण त्याबरोबर एक प्रकारचा उत्साहही आहे. मी त्याचा विचार पुष्कळ नंतर केला. आता मला वाटतं, पत्र आलं तेव्हा बाबांना खरा आरोप काय असणार हे आतून ठाऊक होतं. मी चुकीचा अर्थ सांगितला आणि त्यांना सुटल्यासारखं झालं. ज्या गुन्ह्यात आपण शंभर टक्के निर्दोष आहोत असा आरोप माणसाला रोज कुठे मिळतो? त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

सोमवारी आम्ही सायकलवरून निघालो, मी मागच्या कॅरियरवर आणि माझ्या मांडीवर पुराव्याचं गाठोडं. साहेब दक्षिणेकडचे होते, चष्मा कपाळावर चढवलेला, हिंदी मोडकी पण बिनधास्त. बाकावर चौघे शिंपी आधीच बसले होते. काका टोकाला होते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी गाठोडं सोडलं आणि साहेबाच्या टेबलावर खात्यानेच नमुन्यासाठी दिलेल्या कापडाच्या एका खाकी पँटचे शिवण उसवलेले भाग पसरले, त्यांच्याभोवती एकेक कतरन लावत गेले. कमरेजवळची, खिशाखालची, मांडीच्या उताराची. हळूहळू सगळे तुकडे एकमेकांना भिडले आणि टेबलावर दोन वार कापड अखंड दिसायला लागलं. एक बोटही कमी नव्हतं. साहेबाने चष्मा डोळ्यांवर घेतला. बाबा मला म्हणाले, "सांग त्यायले इंग्रजीत." मी घसा साफ केला आणि जन्मातलं पहिलं इंग्रजी भाषण केलं, "सर, माय फादर नेव्हर अंडरकट. माय फादर ओन्ली कट."

साहेब माझ्याकडे बघत राहिले, मग टेबलाकडे, मग बाबांकडे. त्यांना प्रकार समजला तेव्हा ते हसले नाहीत, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. ते म्हणाले, "अरे भाई, कपड़ा का बात नहीं है. रेट का बात है. ये लोग बोलता है सबका नौ रुपया पक्का हुआ था. तुम पौने आठ लिखा. उसको अंडरकट बोलता है."

मी बाबांकडे पाहिलं आणि शब्दकोशाचं फाटलेलं पान मला वाचता आलं. नऊ लिहिलेलं, खोडलेलं, मोरीतल्या पाण्याचा आवाज, वराचा कोट, सगळं एका ओळीत आलं. बाबांचे दोन्ही हात त्या अखंड कापडावर तसेच होते. बाकावरून शालिककाका म्हणाले, अगदी हळू, रागही नव्हता त्यात, "कापडाचं कोणी बोललंच नव्हतं गा दौलत. तुया कापडाचं कोण बोलन?"

साहेबाला मात्र सगळं फारच सोपं वाटलं. कमी दर देणं हा काही गुन्हा नाही, टेंडर असतं कशाला, असं त्यांनी चौघांना सुनावलं, आणि असा प्रामाणिक टेलर आपण उभ्या नोकरीत बघितला नाही म्हणून सगळं काम बाबांना देऊन टाकलं. वर त्यांनी बाबांशी हस्तांदोलन केलं. ज्या दिवशी बाबांना स्वतःची सर्वांत जास्त लाज वाटली, त्याच दिवशी सरकारने त्यांना प्रामाणिकपणाबद्दल नावाजलं. बाबा कतरनी गोळा करायला लागले. एक तुकडा खाली पडला, तो काकांनी उचलून टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले.

घरी आल्यावर बाबा खाली बसले आणि मायला म्हणाले, "दुसरं शील धरून बसलो अन् चौथं हातातून गेलं. त्याच्या हातावर टाळी देल्ली होती मी." चौथं म्हणजे खोटं न बोलणं. माय भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "पाच होते. चार तं उरले," ती म्हणाली. "जेवा आता." मग थोड्या वेळाने माझ्याकडे बघून तिने जे सांगितलं ते बाबांनी मला कधीच सांगितलं नसतं. "तुले कॉलेजात घालाचं हाये म्हणून केलं तुया बापानं. पाचांत वाटून आलं असतं तं फीपुरतं नसतं झालं. आता तूच ठरव, चांगलं केलं का वाईट." मी अजून ठरवलेलं नाही. ज्या इंग्रजीवर मी तीस वर्षं पगार घेतला आणि आता पेन्शन घेते ते त्या खाकी पँटांतून आलं, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाचनालयात मी मोठा शब्दकोश उघडला. अर्धविरामापुढे लिहिलं होतं, "दुसऱ्यापेक्षा कमी दर सांगून त्याचं काम घेणे." माझ्या वहीत मी ते उतरवून घेतलं नाही. तशीही मी ते विसरणार नव्हते.

बाबांनी ते काम पुरं केलं. प्रत्येक गणवेशाच्या खिशात पुरचुंडी होती, आणि त्या खात्यात बराच काळ टेबलं पुसायला खाकी फडक्यांची ददात नव्हती असं ऐकलं. इस्त्री मात्र चालू राहिली, हे मला फार कठीण वाटायचं. भागीदारीत घेतलेली वस्तू, काका कसे अडवणार? ती रोज ठरल्या वेळी फटीतून यायची, मूठ बाबांच्या बाजूला करून, नीट. फक्त मागून कुणी काही बोलायचं नाही. बाबा ती उचलायचे, वापरायचे आणि तितक्याच नीटपणे परत ठेवायचे. संत्र्यांच्या दिवसांत संत्रीही आली, मोजून बारा, मुकाट्याने. मायने ती आम्हांला दिली. बाबांनी एकही सोललं नाही. वर्षभर मी त्या दोन माणसांच्या मधल्या फटीजवळ बसून अकरावीचा अभ्यास केला, आणि इतक्या शांततेत अभ्यास चांगला होतो हे लोक म्हणतात ते मला खरं वाटत नाही.

पुढच्या वर्षी तेच टेंडर निघालं. बाबांनी फॉर्म पुढे ठेवला. टपरीवर पुन्हा नऊच ठरलं होतं, या वेळी मला माहीत होतं. बाबा म्हणाले, "दहा लिही."

"दहा? मंग काम कसं भेटन?"

"नाही भेटलं तं नाही भेटलं. शाईनं लिही."

मी लिहिलं. दोन दिवसांनी दुपारी, बाबा कापड आणायला गेलेले असताना, शालिककाका मागच्या दाराने आमच्या खोलीत आले. वर्षात पहिल्यांदा. त्यांना माझ्याशिवाय इंग्रजी लिहिणारं कुणी नव्हतं, अर्जनवीस दोन रुपये घेतो. त्यांनी फॉर्म घडीतून काढला आणि म्हणाले, "सुशे, तुया बापानं किती भरलं ते मले सांगू नको. मले आयकाचंच नाही. मायं साडेदहा लिही." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते. "त्याले भेटू दे यंदा," ते म्हणाले. "राजीखुशीनं."

माझ्या हातात पेन होतं आणि दोन्ही आकडे फक्त मला ठाऊक होते. एक वाक्य बोलले असते तर निदान एकाने तरी ठरलेला दर भरला असता. पण मागच्या वेळी मी दोघांच्या मध्ये तोंड घातलं होतं ते सगळ्यांच्या लक्षात होतं, माझ्या तर होतंच. मी साडेदहा लिहिलं आणि गप्प बसले. तेव्हा मला ते शहाणपण वाटलं. आता वाटतं, भीती होती.

काम गेलं कामठीच्या एका माणसाला, सात मशीनवाल्याला. त्याला आमच्या टपरीचा पत्ताही माहीत नव्हता. त्याने सात भरले. खात्याचं पत्र दोन्ही दुकानांत एकाच दिवशी आलं. साहेब तेच होते आणि त्यांचा तो शब्दही अजून आवडता होता. काकांनी आपलं पत्र इस्त्रीच्या फटीतून सरकवलं, न बोलता. मी दोन्ही पत्रं घेऊन फटीपाशी उभी राहिले आणि मोठ्याने वाचलं. वाक्य एकच होतं. खेद आहे की आपला दर अंडरकट झाला आहे.

"म्हंजे?" बाबांनी विचारलं. त्यांना अर्थ चांगला माहीत होता.

"खालून कापलं," मी म्हटलं.

पलीकडचं मशीन थांबलं. मग काकांचा आवाज आला. "किती भरलं होतं गा दौलत?"

बाबांनी मोजपट्टी खांद्यावर टाकली. "दहा."

"दहा? काहून? नऊ ठरलं होतं ना?"

"तुले भेटावं म्हणून." बाबा फटीजवळ सरकले. "मागच्या साली तुया तोंडचा घास घेतला मी, शालिक. वर्ष झालं, मले तो गिळता नाही आला. तुयं किती होतं?"

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "साडेदहा."

आधी हसली ती माय, आतून, चुलीपाशी. "दोघं मिळून शहाणे झाले अन् कामठीवाल्याचं पोट भरलं," ती म्हणाली. त्यावर काका हसले आणि मग बाबा, पण बाबांचं हसू मध्येच तुटलं आणि त्यांनी खांद्यावरच्या मोजपट्टीने डोळे पुसले. मी दोन्ही पत्रं हातात धरून उभी होते. इतक्यात फळ्यांमधून कोळशाची धग आली आणि पितळेचा कोंबडा दिसला.

"घे गा दौलत, गरम आहे."

बाबांनी ती घेतली. इस्त्री करायला त्या वेळी दुकानात काहीच नव्हतं. त्यांनी माझ्या हातातलं एक पत्र काढून घेतलं, फळीवर पसरलं आणि त्याच्या घड्या जाईपर्यंत त्यावर इस्त्री फिरवत राहिले. पत्र अजून माझ्याकडे आहे. एका कोपऱ्याला थोडं करपलं आहे, पण वाचता येतं.